घोंगडीआडची साक्ष

सुलाच्या काडीमोडीला पंच बसायचे होते त्या दिवशी हरणाबाई उजाडताच मेंढरांत जाऊन बसली. तिथं तिचं काही काम नव्हतं. पण माणसांत बसलं की बोलावं लागतं आणि मेंढरांत बसलं की नुसतं बसता येतं, एवढं शहाणपण तिला पंचावन्न वर्षांत आलं होतं.

भादवा चालला होता. आमच्या माणदेशात भादव्यातले ढग पडायला येत नाहीत, फिरायला येतात. एकेक सावली माळावरून सावकाश सरकत यायची, मेंढरांच्या पाठींवरून जायची, हरणाबाईच्या लुगड्यावरून जायची आणि टेकडीआड नाहीशी व्हायची. असं बघत बसलं की आपण जागे आहोत की झोपेत, हे कळेनासं होतं. नात बाणू तिच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती. चार वर्षांची पोर, पण तीही सावल्याच बघत होती.

"आजी, ही सावली कुठं जाती?"

"फलटणकडं," हरणाबाई म्हणाली आणि आपण असं का म्हणालो म्हणून स्वतःच दचकली. फलटणचं नाव तिनं या वस्तीवर कधी घेतलं नव्हतं.

बाणू आज संध्याकाळी कुठं झोपणार, हाच तर सगळा घोळ होता. बाकीचं कुणाला काही वाटत नव्हतं. हरणाबाईचा एकुलता लेक भाऊसो तीन वर्षांपूर्वी सांगलीला हळदीच्या अडतीवर हमालीला गेला तो तिकडचाच झाला. तिथं त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं. दसऱ्याला यायचा, हळदीनं पिवळं झालेलं धोतर आईसमोर धुवायला टाकायचा, चार दिवस राहून जायचा. सुलानं दोन दसरे वाट बघितली. तिसरा यायच्या आधीच तिनं बापाकरवी सरळ निरोप धाडला, नांदव न्हाईतर सोड. भाऊसो सोडायला तयार होता. फक्त पोरगी इथंच राहील म्हणाला.

आणि ते डोकं भाऊसोचं नव्हतंच. ते हरणाबाईचं होतं. "सून जायची तर जाऊ दे, पर माझी बाणू मला पायजे," असं तिनं लेकाला चुलीपुढं बसवून सांगितलं होतं. म्हातारपणी घरात एक तरी आवाज असावा, एवढंच तिचं मागणं. त्यात वाईट काय आहे, असं ती गेले आठ दिवस स्वतःला विचारत होती. वाईट काही सापडत नव्हतं आणि झोपही लागत नव्हती.

बिरोबाच्या देवळापुढं कडुनिंबाखाली पंच बसले. गाव औंध संस्थानातलं. गावचा न्याय गावच्याच पंचांनी करायचा ही रीत संस्थानात नुकतीच आली होती. पण धनगरांच्या काडीमोडीला असल्या नव्या रीतीची कधी गरज पडली नव्हती. वाळली काडी घ्यायची, चार माणसांपुढं मोडायची, झालं. फरक एवढाच, की आता कागदही करायचा. कागद करायला ज्ञानू होता. ज्ञानू पाच वर्षं साताऱ्याच्या कोर्टात पट्टेवाला होता. त्याला कायदा येत नव्हता, पण कायदा कसा खाकरतो ते त्यानं नीट ऐकून ठेवलं होतं.

"पयली बाब, मालमत्ता," ज्ञानू खाकरून म्हणाला.

मालमत्ता म्हणजे मेंढरं. सुला जतकडून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बापानं, बिराप्पानं, नऊ मेंढ्या दिल्या होत्या. त्या नवांची आता पिलावळ झाली होती. कानाला चीर पाडून खूण ठेवायची, तर तीन वर्षांत खूण ठेवणारा सांगलीला. सगळा कळप एकात एक मिसळलेला.

"कसं वळखायचं?" मुख्य पंच धुळा म्हणाला. धुळा म्हणजे हरणाबाईचा दीर, तिच्या मेलेल्या नवऱ्याचा पाठचा भाऊ. बोलायला सावकाश, ऐकायला त्याहून सावकाश. "वैनी, तुमीच सांगा आता."

हरणाबाई उठली. तिनं कोकरांच्या वाडग्याचं काटेरी झाप बाजूला सारलं. कोकरं सुटली, मेंढ्या ओरडल्या, धुरळा उडाला आणि बघता बघता ज्याची त्याला आई सापडली. दोनशे आवाजांत प्रत्येकाला आपलाच आवाज ऐकू येतो, हे हरणाबाईनं जन्मभर बघितलं होतं, तरी दर वेळी तिला ते स्वप्नात चालल्यासारखंच वाटे. मग ती त्या धुरळ्यातून हळूहळू फिरली. ही तांबूस, सुलाच्या लंगडीची लेक. तिची ही. ही बाकदार नाकाची, तिच्या आईला लांडग्यानं नेलं, तीपण सुलाचीच. धुरळा बसला तेव्हा एका बाजूला सुलाची सत्तावीस मेंढरं उभी होती.

"आये," भाऊसो दातांतल्या दातांत म्हणाला, "तू कुणाच्या बाजूची हायस?"

"मेंढरांच्या," हरणाबाई म्हणाली.

माणसं हसली. बिराप्पानं हात जोडले. "विहीणबाई, न्याव केला तुमी." तो मोठा देखणा म्हातारा होता, बोलण्यात कानडी हेल. सुला त्याच्या मागं बसली होती, बाणूला घट्ट धरून. ती हसली नाही. मेंढरांचं तिला कधीच काही वाटलं नव्हतं.

"दुसरी बाब," ज्ञानू म्हणाला. "लेकरू."

बिराप्पा पुढं सरकून बसला.

"त्यात काय बोलायचं," भाऊसो म्हणाला. "चार वर्साची हाय. बापाची. माझ्या आयेजवळ ऱ्हाईल."

"रीत काय हाय ती सांगा, पंच," बिराप्पा म्हणाला.

धुळानं ज्ञानूकडं बघितलं. ज्ञानूनं पेन्सील कानामागं खोचली. "रीत अशी. अंगावर पिणारं लेकरू आईचं. दूध तुटलेलं बापाचं. मग ते दोन म्हयन्यांचं का असंना न्हाईतर पाच वर्साचं."

"तर माझी नात अंगावर पिती," बिराप्पा म्हणाला.

भाऊसो मोठ्यानं हसला. "चार वर्साची घोडी अंगावर पिती? भाकरी खाती ती. मेंढीमागं पळती."

"भाकरी खाती आणि पिती बी," सुला पहिल्यांदाच बोलली. आवाज बारीक, पण थरथरता नव्हता. "म्या तोडलंच न्हाई."

हरणाबाईनं मान खाली घातली. सुला दूध तोडत नाही हे तिनं बघितलं होतं. दोन वर्षं पोर मांडीवर घेऊन बसायची, सगळ्या वस्तीदेखत, जावा-नणंदांनी तोंडं वाकडी केली तरी. हरणाबाईला वाटलं होतं, एकटी बाई, तिला तेवढाच विरंगुळा. ती पोरीभोवती कुंपण घालत होती हे तेव्हा कळलंच नाही. पण गेल्या आषाढापासून काय झालं ते मात्र हरणाबाईला ठाऊक नव्हतं. आषाढात सुला तापानं अठरा दिवस पडली होती.

"हे बायामान्सांचं काम," धुळा म्हणाला. "आमी गडी काय बघणार? एका बाईनं बघून सांगावं. बिरोबाचा भंडारा उचलून सांगावं." तो थांबला. इतका वेळ थांबला की वरून एक सावली आली आणि गेली. "हरणावैनीनं बघावं."

बिराप्पाचा चेहरा उतरला. "आवं पंच, त्या तर मुलाकडच्या."

"म्हणूनच. वैनी खोटं बोललेलं म्या आजपतूर ऐकलं न्हाई. तुमी ऐकलंय का?"

बिराप्पानंही ऐकलं नव्हतं. भाऊसोनं मांडी ठोकली. सुलाचा रंग मात्र एकदम उडाला आणि ते एकट्या हरणाबाईलाच दिसलं. तिला वाटलं आपलं काम झालं. बाणू आपली झाली. आणि आश्चर्य म्हणजे पोटात आनंद कुठं सापडेना.

दोन काठ्यांना घोंगडी बांधून आडोसा केला. आत सुला, बाणू आणि हरणाबाई. घोंगडीच्या विणीतून उन्हाचे बारीक ठिपके आत पडले होते, सुलाच्या गालावर, पोरीच्या केसांत. बाहेर माणसं तंबाखू मळत होती, पण ते आवाज फार लांबून, नदीपल्याडून आल्यासारखे वाटत होते. आत काळ्या लोकरीचा वास होता. आणि आणखी एक वास होता.

हरणाबाईनं नाक वर केलं.

"सुले," ती कुजबुजली, "हे काय लावलंस?"

सुलानं चोळीची गाठ सोडली होती, ती तशीच धरून बसली. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण हुंदका तिनं आवरला. बाहेर ऐकू गेला असता. "आत्ती, तापात आटलं ओ. थेंब न्हाई. आषाढापास्नं थेंब न्हाई. पोर सवयीनं नुसती तोंड लावती. सकाळी करडीचं दूध काढलं आणि... पोरीच्या वटाला बी लावलं."

"मेंढीचं दूध?"

"व्हय."

हरणाबाईला अशा वेळीही हसू आलं. बाहेर बसलेले सगळे गडी जन्मताच मेंढीच्या दुधाच्या वासात पडलेले. डोळे बांधून उभे केले तरी कुठल्या मेंढीचं ते सांगतील. गाईचं लावलं असतं तर कदाचित खपलं असतं. पण वस्तीवर गाय कुठली, आणि धनगराच्या लेकीला दूध म्हटलं की मेंढीशिवाय दुसरं सुचणार काय.

"तुला अक्कल कुणी दिली गं," ती म्हणाली. बोलण्यात राग आणायचा होता, तो आला नाही.

"आजी," बाणू म्हणाली. आईला ती आजोळच्या बोलीत अव्वा म्हणायची. "अव्वाकडं दूध न्हाई. अव्वाला बाऊ झालता."

"हळू बोल, माझे बाई."

"मला तुज्याजवळ ठेवत्यात व्हय?"

हरणाबाई त्या ठिपक्यांकडं बघत राहिली, आणि ठिपके हलले, पसरले, त्यांचा एक पांढरा रस्ता झाला. फलटणकडून निघालेला, महादेवाच्या डोंगरावरून खाली माणाकडं उतरणारा.

पस्तीस वर्षं झाली. ती वीस वर्षांची होती, तिला पहिल्या घरी एक लेक होती, वर्षाची, चंद्रा नावाची. नवऱ्याशी पटेना, काडीमोड ठरली. पंच बसायच्या आधी आठ दिवस सासूनं गोड बोलून तिच्या छातीला कोरफडीचा चीक लावला, फोड बरा होईल म्हणाली. कडू लागलं म्हणून पोरीनं तोंड फिरवलं. आठव्या दिवशी पंचांपुढं पोर मांडीवर दिली तर ती रडून मागं सरली. दूध तुटलं, पंच म्हणाले. अंगावर दूध होतं. चोळी भिजत होती, लुगडं भिजत होतं, आणि चार शहाणे गडी दूध तुटलं म्हणत होते. मग काडी मोडली आणि तिकडच्या रीतीनं कागदावर तिचा अंगठा घेतला. ती भावाच्या मेंढरांमागून तीन दिवस चालत इकडं आली. वाटेत एक बिनआईचं कोकरू वासानं तिच्या मागं लागलं आणि तिचा ओला पदर चोखत चालत राहिलं. पुढं इथं तिचा पाट लागला, भाऊसो झाला, संसार झाला. नवऱ्याला ठाऊक होतं. पाटाच्या वेळी तिला भावाकडून आणायला गेला होता त्या धुळाला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला नाही. चंद्रा पुन्हा एकदाच दिसली, खरसुंडीच्या जत्रेत, लांबून, बांगड्या भरताना. ती चंद्राच होती की दुसरीच कुणी, हेही आता सांगता येत नव्हतं.

"आत्ती," सुला म्हणाली, "सांगा जाऊन काय ते. तुमी तरी काय करनार."

हरणाबाईनं आपला पदर घेतला. बाणूचे ओठ पुसले, हनुवटी पुसली, मग सुलाची छाती पुसली, अगदी कोरडी होईपर्यंत, लहान मुलाचं पुसावं तशी. सुला हलली नाही. मग हरणाबाईनं तिच्या चोळीची गाठ स्वतःच्या हातानं बांधली.

"पोरीला छातीशी घट्ट धर," ती म्हणाली. "बोलू देऊ नकोस."

ती बाहेर आली तेव्हा ऊन फार झालं होतं आणि माणसं पांढरी दिसत होती. धुळानं बटवा पुढं केला. तिनं मूठभर भंडारा उचलला. हळदीचा तो वास आणि लेकाच्या धोतराचा वास एकच, हे तिच्या आज ध्यानात आलं.

देवाला चकवायची वाट तिला दिसत होती. दूध बघितलं, माझ्या पदराला लागलंय, एवढंच म्हणायचं, म्हणजे खोटंही नाही. पण असलं अर्धं बोलणं तिला किळसवाणं वाटलं. पस्तीस वर्षांपूर्वी असलीच माणसं अर्धं बोलली होती. खोटं बोलायचं तर सरळ तोंडानं बोलावं आणि काय होईल ते आपल्या अंगावर घ्यावं.

"बिरोबाच्या भंडाऱ्याची आण," ती म्हणाली. "सुलाच्या अंगावर दूध हाय. पोर पिती."

भाऊसो उभा राहिला.

"आये, काय बोलतीस तू?"

"दूध हाय म्हणते."

"तूच म्हणालीस पोर पायजे म्हणून. आठ दिवस माझं डोकं खाल्लंस."

"म्हणाले व्हते."

"आणि आता?"

"आता बी पायजे," हरणाबाई म्हणाली. तेवढं खरं बोलताना मात्र तिचा आवाज फाटला.

धुळा तिच्याकडं बघत होता. वारा त्याच्याकडं वाहत होता आणि तिच्या ओल्या पदरात करडीचं दूध होतं. जन्मभराचा मेंढका. त्यानं श्वास घेतला, पदराकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. हरणाबाईला वाटलं, आता हा बोलणार. त्यानं हातातली वाळली काडी भाऊसोपुढं धरली.

"पंचांना साक्ष मान्य हाय," तो म्हणाला. "मोड."

भाऊसोनं काडी मोडली. एवढासा आवाज झाला. सुलानं काळी पोत तोडून समोर ठेवली. ज्ञानू लिहायला लागला, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर. मेंढरं सुलाची, लेकरू आईजवळ, कुणाचा कुणावर हक्क नाही.

"थांब," हरणाबाई म्हणाली. "आणखी एक वळ कागदात घाल. वर्सातनं एकदा, खरसुंडीच्या जत्रंला, पोर आजीला आणि बापाला दावायची. दोन दिस आमच्याजवळ ठिवायची."

ज्ञानू घुटमळला. "आवं मावशी, असं कुठल्याच कागदात नसतं. काडी मोडली का मोडली. साताऱ्याला बी म्या असलं बघितलं न्हाई."

"ह्या कागदात असंल," धुळा म्हणाला. "लिव."

ज्ञानूनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. सुलानं मान हलवली, आपल्या आपण, बापाकडं न बघता. मग पुढं येऊन ती हरणाबाईच्या पाया पडली आणि बराच वेळ उठली नाही. हरणाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलायचं ते दोघींचं घोंगडीआडच संपलं होतं.

दुपार कलली तेव्हा सत्तावीस मेंढरं जतच्या वाटेला लागली. घोड्यावर सामान, सामानावर दोन लहान कोकरं आणि कोकरांच्या मधोमध बाणू. तिला वाटत होतं आपण चरायला चाललोय. "आजी, सांजच्याला भाकरी राखून ठिव," ती ओरडली. हरणाबाई हो म्हणाली. धुरळा उडाला, ढगाची एक सावली आली, तिनं मेंढरं आणि घोडा आणि पोर सगळं पोटात घेतलं, आणि सावली पुढं गेली तेव्हा वाट रिकामी होती.

निंबाखाली हरणाबाई धरून चौघंच उरले. धुळा तंबाखू मळत होता, ज्ञानू कागदाची घडी घालत होता. भाऊसो पाठ करून उभा होता. सांगलीला जायची गाडी गाठायची होती, पण त्याचा पाय निघत नव्हता आणि आईशी बोलायचंही नव्हतं. कळपात मागं राहिलेलं एक बिनआईचं कोकरू हुंगत हुंगत हरणाबाईजवळ आलं. पदराचा ओला शेव त्यानं तोंडात धरला आणि चोखायला लागलं. तिनं त्याला हाकललं नाही.

"ज्ञानू," ती म्हणाली, "जुन्या कागदात मागनं वळ घालता येती का रं?"

"किती जुन्या?"

"पस्तीस वर्साच्या."

ज्ञानू खाकरला. अशी बाब त्यानं साताऱ्यालाही ऐकली नव्हती. "कागद कुठला हाय त्यावर हाय ते, मावशी."

"फलटणकडचा," तंबाखूवरची नजर न उचलता धुळा म्हणाला.

भाऊसो वळला. त्यानं चुलत्याकडं बघितलं, मग आईकडं, मग तिच्या पदराला लागलेल्या कोकराकडं. "कुणाचा कागद, आये?"

"माझा," हरणाबाई म्हणाली. "खाली बस जरा. गाडी जाऊ दे आजची. तुला एक थोरली भैन हाय."